पुढे साया, मागे छिट सान

ब्रह्मदेशातल्या मेक्तिलाच्या तळ्याभोवती रोज पहाटे दोन माणसं धावत. पुढे ऊ तिन म्या, मागे छिट सान. चार वर्षं हा क्रम बदलला नव्हता आणि तो बदलावा असं गावात कुणाला वाटलंही नव्हतं. एक साया, म्हणजे गुरुजी, आणि दुसरा त्यांचा विद्यार्थी. यात बदलण्यासारखं काय आहे? मोहिंग्याच्या वाडग्यात शेवया खाली असतात आणि रस्सा वर असतो. त्यावर कुणी सभा बोलावत नाही.

ऊ तिन म्या अडतीस वर्षांचे होते. गावच्या सरकारी शाळेत ते गणित आणि कवायत शिकवत; गणितात मुलांचं जे राहून जाई ते कवायतीत वसूल करत. दहा हजार मीटरच्या शर्यतीत उत्तर ब्रह्मदेशात त्यांना बरीच वर्षं कुणी मागे टाकलेलं नव्हतं. याचा त्यांना अजिबात गर्व नव्हता. ही गोष्ट ते फक्त रोज कुणाला तरी सांगत.

छिट सान एकवीस वर्षांचा. त्याच्या घरचा धंदा ताडांचा. बाप आणि तो झाडांवर चढून रस उतरवत आणि आई चुलीवर ताडगूळ रटरटवत बसे. शाळेत तो सायांच्या हाताखाली गणितात तीनदा नापास झाला होता. दोष आपला, असं त्याचं मत होतं. आणि सायांचंही तेच मत असल्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. धावताना तो सायांच्या एक पाऊल मागे आणि जरासा बाजूला असे. बाजूला अशासाठी, की सायांच्या सावलीवर पाय पडू नये. तळं गोल, त्यामुळे सावली फिरत राही आणि सावलीबरोबर छिट सानही कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत राही.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात आग्नेय आशियाई द्वीपकल्पातल्या देशांचे खेळ रंगूनला भरायचे होते. निवड चाचणीत साया पहिले आले, छिट सान एका पावलानं दुसरा. वर्तमानपत्रानं सायांचा फोटो छापला. त्यात सायांच्या खांद्यामागे छिट सानचा एक कान आला होता. त्याच्या आईनं तेवढा कान कापून घेतला आणि बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली चिकटवला.

पुढचे आठ-दहा दिवस गावानं सायांचे सत्कार केले. सत्कार म्हणजे जेवण. भाताच्या गिरणीवाल्यानं डुकराचं मटण घातलं, त्यावर ताण म्हणून बसवाल्यानं कोळंबी घातली, आणि एका पहाटे सायांच्या पोटानं कवायतीला साफ नकार दिला.

"आज तू एकटाच जा," ते पुलाजवळच्या चहाच्या दुकानात बाकावर बसत म्हणाले. "पूर्ण फेरा घाल. मी इथून बघतो."

"हो साया," छिट सान म्हणाला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

सायांनी चिरूट पेटवला. तो अर्धाही झाला नव्हता तेवढ्यात छिट सान समोर उभा. सायांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तळ्याच्या मधून गेलेल्या पुलाकडे पाहिलं, आणि त्यांच्या गणिती मेंदूनं उत्तर काढलं.

"पुलावरून आलास?"

छिट साननं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हो साया."

"लबाडी केलीस?"

"हो साया. चुकलं."

"देशाकडून खेळणार तू! लाज नाही वाटत?"

"वाटते साया."

"जा. पुन्हा घाल फेरा. नीट, सरळ, काठाकाठानं."

या वेळी छिट सान बरोबर तेवढ्या वेळानं परतला, जेवढा रोज सायांना लागे. साया खूश झाले. मनापासून केलं की जमतं, एवढं बोलून त्यांनी त्याला चहा पाजला.

दुपारी जेवताना त्यांनी ही हकिगत बायकोला सांगितली. दॉ सेन भात वाढता वाढता थांबल्या.

"पुलावरून कुठला? मी विहारात भात देऊन पलीकडच्या काठानं येत होते. माझ्यासमोरून गेला की तो. गेला म्हणजे काय, दिसला आणि संपला."

"पहिल्या फेऱ्याला?"

"पहिल्या नि दुसऱ्या, दोन्हीला. दुसऱ्याला तर माझ्याशी बोलत उभा होता. मावशी, सायांचा चिरूट संपला असेल का, म्हणून विचारत होता."

ऊ तिन म्यांचा घास हातात राहिला. "मग त्यानं लबाडी कबूल कशाला केली?"

"तुम्ही विचारलीत म्हणून," दॉ सेन म्हणाल्या. "समोर बसून तुम्हाला खोटं पाडायचं का त्यानं? चहाच्या दुकानात? चार माणसांत?" त्यांनी डाव खाली ठेवला. घरात त्या सायांना को तिन म्हणत. "अहो को तिन, एक विचारू? रागावू नका. तुमच्यामागे धावताना त्याला दम लागलेला पाहिलाय कधी?"

"घाम पुसत असतो की सारखा."

"पुसतो. आलेला असतो का?"

सायांनी त्या दिवशी भात टाकला. दुपारभर ते पाटीवर आकडेमोड करत बसले. सावली चुकवण्यासाठी छिट सान दर फेऱ्याला किती बाहेरून जात असेल, रोजचं मिळून किती, चार वर्षांचं मिळून किती. उत्तर असं निघालं, की गेल्या चार वर्षांत छिट सान त्यांच्या मागे राहण्यासाठी त्यांच्यापेक्षा मंडालेला जाऊन येण्याइतकं जास्त धावला होता. त्यांनी उत्तर पुसलं, पुन्हा काढलं. तेच आलं. गणिताचा हा स्वभाव त्यांनी आजवर मुलांना कौतुकानं सांगितला होता. त्या दिवशी मात्र तो त्यांना उद्धटपणा वाटला.

पण साया हलके माणूस नव्हते. दोन दिवस ते चिडले, तिसऱ्या दिवशी स्वतःवर हसले, आणि चौथ्या दिवशी त्यांना खरी अडचण दिसली. रंगूनला मलायाचा सार्जंट इद्रिस येणार होता. त्याला हरवू शकेल असा ब्रह्मदेशात एकच माणूस होता, आणि तो माणूस काही झालं तरी सायांना ओलांडणार नव्हता.

"उद्यापासून तू पुढे," सायांनी हुकूम सोडला.

"हो साया."

दुसऱ्या दिवशी साया मुद्दाम हळू धावले. छिट सान त्याहून हळू धावला. साया आणखी हळू झाले. शेवटी दोघांचा वेग इतका उतरला, की डोक्यावर हंडे घेतलेल्या दोन बायका त्यांना मागे टाकून गेल्या, आणि त्यांतली म्हातारी वळून दबक्या आवाजात म्हणाली, "कोण गेलं हो?"

मग सायांनी पायात गोळा आल्याचं सोंग केलं आणि बांधावर बसून ओरडले, "तू जा! माझ्यासाठी थांबू नकोस!" छिट सान हो साया म्हणून खाली बसला आणि पोटऱ्या चोळू लागला. इतक्या छान चोळल्या, की सायांना तिथंच डुलकी लागली.

रंगूनला पोचल्यावर साया संघाच्या व्यवस्थापकाला भेटले. ऊ थान प्ये हे निवृत्त सरकारी अधिकारी. डोक्याला गुलाबी रेशमी गाऊंगबाऊंग बांधल्याशिवाय ते आंघोळीलाही जात नसावेत, असा संघाचा समज होता.

"मी नाव मागे घेतो," साया म्हणाले.

"आणि छिट सान?"

"त्याला विचारलं. तो म्हणतो, साया नाहीत तिथे मी एकटा पळून काय करू?"

"मग त्याला पुढे जायचा हुकूम द्या."

"दिलाय. तो हो म्हणतो."

"मग झालं तर."

"हो म्हणतो आणि जागचा हलत नाही."

ऊ थान प्ये सुस्कारले. "आमच्या खात्यातही असंच होतं," ते जरा हळवे होऊन म्हणाले. "तरी खातं चाललंच ना."

शर्यतीच्या दिवशी दॉ सेन डबा घेऊन मैदानामागच्या खेळाडूंच्या तंबूत आल्या. डब्यात भात, तळलेली मासळी आणि लपे, म्हणजे मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर. सायांनी डब्याला हात लावला नाही.

"ठरलं माझं," ते म्हणाले. "तो मला ओलांडत नाही ना? मग मीच पहिला यायचं. मी इद्रिसच्या पुढे राहिलो, की छिट सान माझ्या मागे, म्हणजे तोही इद्रिसच्या पुढे. पहिला मी, दुसरा तो."

"को तिन," दॉ सेन अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "इद्रिस चोवीस वर्षांचा आहे."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही तर काल मुक्कामाचा जिना चढून आल्यावर माझं नाव आठवत बसला होतात."

"निदान तो पोरगा एकदा तरी खऱ्या वेगानं धावलेला बघायचाय मला," साया म्हणाले. "मग तो वेग मला झेपो न झेपो. मी झालो नसतो ना त्याचा मास्तर, तर आज तो कुठे असता."

"ताडावर," दॉ सेन म्हणाल्या, आणि त्यांच्या दंडावर थोपटलं.

तेवढ्यात छिट सान आला. तो गुडघे टेकून बसला आणि शर्यतीआधी टेकवायचं असतं तसं त्यानं सायांसमोर तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं. सायांनी आशीर्वाद दिला, "जिंक." आणि लगेच विचारलं, "काय सांगितलं मी?"

"जिंक म्हणालात, साया."

"म्हणजे काय करायचं?"

छिट साननं जरा विचार केला. "तुमच्या मागे दुसरं यायचं."

चार वाजता पिस्तूल वाजलं. मैदान खचाखच भरलेलं. बायका गालांना थानाखाचा लेप लावून, पोरं खांद्यावर घेऊन, तिखट भाजलेले वाटाणे खात बसलेल्या. सुरुवातीला रिवाजाप्रमाणे सगळे गठ्ठ्यानं धावत होते. तिसऱ्या फेऱ्याला अडतीस वर्षांचा एक माणूस गठ्ठ्यातून सुटला आणि आग लागल्यासारखा पुढे निघाला, आणि त्याच्या मागून, एक पाऊल अंतर ठेवून आणि जरा बाजूनं, एक सडपातळ पोरगा. लोक उभे राहिले. सार्जंट इद्रिसनं या दोघांकडे पाहिलं, मनाशी हसला आणि त्यांना जाऊ दिलं. त्यानं असे पुष्कळ पाहिले होते.

ऊ तिन म्या आयुष्यात इतके जोरात धावले नव्हते. दहा फेरे झाले, बारा झाले. छातीत कुणीतरी ताडगुळाची कढई चढवली होती. मागे छिट सानचा श्वास ऐकू येत होता, झोपलेल्या मुलाचा असतो तसा. सायांना त्याचा राग आला, मग अभिमान वाटला, मग पुन्हा राग आला, आणि या गडबडीत आणखी चार फेरे निघाले.

अठराव्या फेऱ्याला ते संपले. पाय होते, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी होते. इद्रिस बाजूनं सरळ निघून गेला. त्याच्या मागून थायलंडचा एक लष्करी गडी गेला. छिट सान मात्र जागचा हलला नाही. सायांचा वेग उतरला तसा त्यानं आपलाही उतरवला. इद्रिस मैदानाची अर्धी बाजू पुढे गेला.

"जा!" साया धापा टाकत म्हणाले.

"कुठे, साया?"

"पुढे! त्याच्या पुढे!"

"आणि तुम्ही?"

"मी येतो मागनं!"

"असं कसं, साया," छिट सान म्हणाला. आवाजात खरं दुःख होतं.

"हुकूम आहे माझा!"

"हो साया," छिट सान म्हणाला, आणि मागेच राहिला.

सायांना रडू यायच्या बेतात होतं. चार वर्षं या पोरानं त्यांचं सगळं ऐकलं होतं. विहिरीवरून पाणी आण म्हटलं तर पाणी, दुकानातून चिरूट आण म्हटलं तर चिरूट, मावशींना निरोप सांगून ये म्हटलं तर धावत जाऊन धावत परत. कधी एकदाही नाही म्हटलं नव्हतं... आणि इथे सायांच्या दमलेल्या डोक्यात एकदम उजेड पडला. सायांना हरवणं म्हणजे पाप. पण सायांचं काम करायला पुढे धावणं? ते तर शिष्याचं कर्तव्य!

"छिट सान!"

"काय साया?"

"त्या पुढच्या माणसाला... मलायाच्या... माझा एक निरोप सांगून ये."

छिट सानचा चेहरा उजळला. "काय सांगू साया?"

सायांना काहीच सुचेना. जे जिभेवर आलं ते ते बोलले. "विचार... शर्यत झाल्यावर... चहा घेणार का."

"हो साया!"

आणि मग मेक्तिलाच्या छिट सान नावाच्या धावपटूनं आपल्या गुरूला ओलांडलं. वडीलधाऱ्यांच्या पुढून जाताना जसं जायचं असतं तसंच तो गेला: कमरेत वाकून, एक हात पोटाशी धरून, मान खाली घालून, "माफ करा साया" असं पुटपुटत. पळता पळता. मैदानातल्या एकाही ब्रह्मी माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. एका परदेशी पंचाला मात्र वाटलं, की याच्या पोटात कळ आली. त्यानं स्ट्रेचरवाल्यांना खूण केली आणि ते धावत निघाले. पण सायांच्या पुढे चार पावलं गेल्यावर छिट सान सरळ झाला, आणि स्ट्रेचरवाले ज्या जागी त्याला उचलायला पोचले तिथे तो नव्हता.

सायांनी त्याला धावताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आजवर तो नेहमी पाठीमागे असे, आणि पाठीला डोळे नसतात. ताडावर चढणाऱ्याचे ते पाय, खोडाला पकडावं तसे मातीला पकडून सोडून देत होते. डोकं इतकं स्थिर, की त्यावर रसाचं मडकं ठेवलं असतं तरी सांडलं नसतं. थायलंडचा गडी मागे पडला. "अरे वा रे पोरा," साया स्वतःशीच म्हणाले, आणि आपण शर्यतीत आहोत हे काही क्षण विसरले.

आठवलं ते एका भयंकर विचारानं. उत्तर केव्हा आणून द्यायचं ते सांगायचं राहिलंच! निरोप सांगितला, की उत्तर घेऊन परत यायचं, ही तर शाळेतली पहिली शिकवण, आणि ती शिकवणारे हेच. छिट सान उत्तर मिळाल्याबरोबर त्यांच्याकडे येणार. येणार, थांबणार, वाकणार, सांगणार, आणि मग परवानगी घेऊन मागे एक पाऊल अंतरावर लागणार.

पलीकडच्या वळणावर छिट साननं इद्रिसला गाठलंच होतं. दोघे खांद्याला खांदा लावून धावत होते आणि छिट सान मान वळवून काहीतरी विचारत होता. इद्रिसनं वेग वाढवला. छिट साननंही वाढवला आणि पुन्हा विचारलं. उत्तर घेतल्याशिवाय परतायची त्याला सवय नव्हती. एक फेरा झाला, दोन झाले. लोकांना वाटलं, काय जबरदस्त झुंज आहे! प्रत्यक्षात एक माणूस पळून जाऊ पाहत होता आणि दुसरा त्याला चहाचं विचारत होता.

शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजली तेव्हा साया त्या दोघांच्या पुढे होते, म्हणजे खरं तर जवळजवळ एक फेरा मागे. दोघे आता मागून येत होते. तेवढ्यात इद्रिस काहीतरी ओरडला, आणि लगेच सायांना तो आवाज ऐकू आला.

"सायाऽ! मिळालं उत्तर!"

थांबायचं नाही. एवढंच सायांना कळलं. थांबलो, तर हा इथे वाकणार आणि इद्रिस निघून जाणार. धावपट्टीबाहेर गवतावर पडलो, तर हाही गवतावर बसून पोटऱ्या चोळणार. उपाय एकच: याच्या हाती लागायचं नाही. आणि पाय संपलेले, छाती जळालेली, डोळ्यांपुढे काजवे, अशा अवस्थेत ऊ तिन म्या आपल्या विद्यार्थ्यापासून जीव घेऊन पळत सुटले.

"साया, थांबा! ते म्हणतात..."

"नंतर! नंतर सांग!"

"छोटंच आहे साया!"

उत्तर पोचवायचंय आणि साया पळतायत, हे पाहून छिट सानही सुटला. इद्रिस त्याच्या खांद्यापासून मागे पडला, मग दोन पावलं, मग पाच. पुढे साया, मागे छिट सान, त्यामागे मलायाचा सार्जंट. लोक बाकांवर उभे राहून कुणाचं तरी नाव ओरडत होते. कुणाचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांत दॉ सेन शेजारणीच्या हातातले वाटाणे सांडून ओरडत होत्या, "पळा को तिन! पकडेल तुम्हाला!"

शेवटच्या रेषेवर शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातले दोन विद्यार्थी फीत धरून उभे होते. त्यांना मुख्य पंचांनी बजावलं होतं, की पुढचा माणूस एक फेरा मागे आहे, तो आला की फीत खाली करा. मुलांना समजलंही होतं. पण समोरून एक साया येतायत, जीव तोडून, तोंड उघडं, हात पसरलेले, आणि त्यांच्या तोंडासमोरून फीत काढून घ्यायची? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फीत जागची हलली नाही. ऊ तिन म्यांनी ती छातीनं तोडली आणि मैदान गर्जलं. त्यांच्या मागून दीड पावलावर छिट साननं रेषा ओलांडली आणि दहा हजार मीटर जिंकले. इद्रिस त्यानंतर आला.

साया गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. छिट सान समोर येऊन वाकला.

"साया, ते म्हणतात चहा नको. पाणी असेल तर द्या म्हणाले."

 सायांनी नुसती मान हलवली. एवढ्यात मुख्य पंच जवळ आले, संकोचून उभे राहिले, दोनदा खाकरले.

"साया, माफ करा, पण... तुमचा अजून एक फेरा राहिलाय."

"आता कशाला!" ऊ थान प्ये धावत येत म्हणाले. गाऊंगबाऊंग कानावर आलं होतं. "पदक मिळालंय. बसा तुम्ही. खुर्ची आणा रे!"

पण पंचवीस म्हणजे पंचवीस. मुलांचं गणित एकानं चुकलं तरी ज्यांनी कधी गुण दिले नाहीत, त्यांना चोविसांवर बसून राहता येईना. ते निघाले. चालत म्हणण्यापेक्षा थोडं जास्त, धावत म्हणण्यापेक्षा बरंच कमी. मागे पावलं वाजली.

"तू थांब," साया न वळता म्हणाले. "तुझी शर्यत झाली. उभा राहा तिथे, आणि लोकांना बघू दे तुला."

"हो साया," छिट सान म्हणाला. आणि या वेळी खरोखर थांबला.

तो फेरा फार लांब होता. बाकीचे सगळे एकेक करून आले, थायलंडचा गडी आला, सगळ्यात हळू धावणारा लाओसचा एक पोरगेला मुलगाही आला आणि जाता जाता सायांना नमस्कार करून गेला. ऊ तिन म्या शेवटचे आले. उत्तर ब्रह्मदेशात कुणी मागे न टाकलेला माणूस द्वीपकल्पात शेवटचा आला, आणि तंबूकडे जाताना तो शीळ घालत होता. फक्त हवा येत होती, सूर येत नव्हता.

तंबूत दॉ सेननी इद्रिसला आधी पाणी दिलं, मग न विचारता चहाही दिला. इद्रिस मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोले, साया त्यांच्या शाळेच्या इंग्रजीत समजून घेत.

"तुमच्या या मुलाला कोण शिकवतं?" इद्रिसनं विचारलं. "मी सहा वर्षं धावतोय. बाविसाव्या फेऱ्याला शेजारी येऊन चहा घेणार का म्हणून विचारणारा भेटला नव्हता. तेही शाळेतल्या इंग्रजीत, पूर्ण वाक्यात! धाप नाही, काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणे, साखर किती? मी म्हटलं, हा माणूस नव्हे, भूत आहे."

दॉ सेन हसू दाबायला डब्यावर वाकल्या. साया हसले नाहीत. त्यांनी किटलीतून स्वतः चहा ओतला आणि पेला छिट सानपुढे धरला. साया आपल्याला चहा ओतून देतायत हे पाहून तो इतका गांगरला, की दोन्ही हातांनी घेतानाही निम्मा लुंगीवर सांडला.

"छिट सान, एक खरं सांगशील?"

"हो साया."

"मला मागे टाकणं तुला केव्हापासून जमत होतं? पहिल्या वर्षापासून? का त्याच्याही आधी?"

 छिट साननं पेला खाली ठेवला. त्यानं सायांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या सुजलेल्या पायांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"आजच जमलं, साया," तो म्हणाला. "तेही तुम्ही कामाला पाठवलंत म्हणून."

आयुष्यभर मुलांची उत्तरं तपासलेल्या ऊ तिन म्यांनी त्या उत्तराकडे बराच वेळ पाहिलं. मंडालेला जाऊन येण्याइतकी वाट त्यांना पाठ होती.

"बरोबर," ते म्हणाले. "पी आता, गार होतोय."